प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात उरकून टाकायचं का?

नमस्कार ताई,
आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहावीत आहे, अल्जिब्रा २ ऑनर्स चालू आहे, ग्रेड ए किंवा ए-मायनस. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म याच महिन्यात भरायचाय. आमच्या मंडळातल्या बऱ्याच मुलांनी प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑनलाइन उरकलं आणि अकरावीत थेट एपी कॅल्क्युलस बीसी, म्हणजे हायस्कुलातच कॉलेजच्या दर्जाचं कॅल्क्युलस, घेतलं. माझे मिस्टर म्हणतात, आम्ही अकरावी-बारावीत हे सगळं केलं, त्यात एवढं काय आहे, हिने पण करावं. मुलगी म्हणते, मला वर्षभर नीट करायचंय. परवा यावरून रडली. काउन्सेलर म्हणतात, दोन्ही चालेल. सासरे पुण्याला असतात, ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचे. ते या वादात पडत नाहीत, फक्त दर फोनला तिला विचारतात, "लॉगॅरिदम झाले का गं?" ती मागे पडेल का? कॉलेजचे अर्ज करताना हे दिसेल का?
— एक आई

ताई,

तुमच्या लेकीचं म्हणणं बरोबर आहे. तिला प्रीकॅल्क्युलस वर्षभर करू द्या, शाळेत, रोजच्या तासाला बसून. बारावीत ती बीसी घेईल. आणि तुमच्या सासऱ्यांचा तो प्रश्न मला तुमच्या सबंध पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटला. त्याच्याकडे मी येतेच.

आधी मागे पडण्याची भीती. इथली सरधोपट वाट अशी आहे: नववीत अल्जिब्रा १, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा २, बारावीत प्रीकॅल्क्युलस. या वाटेने गेलेलं मूल हायस्कुलात कॅल्क्युलसपर्यंत पोचतच नाही, आणि तरीही पुढे इंजिनिअर होतं. तुमची मुलगी दहावीत अल्जिब्रा २ करतेय, म्हणजे ती आजच एक वर्ष पुढे आहे. मंडळातली मुलं दोन वर्षं पुढे जाऊ बघतायत, म्हणून शेजारी उभी असलेली तुमची मुलगी तुम्हाला मागे दिसते. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या सुमारे निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस हा विषयच नव्हता. हे आकडे आपल्या मंडळाच्या पार्टीत कुणी सांगत नाही, कारण आपण सगळे चांगल्या शाळा बघून घरं घेतलेली माणसं.

आता खरा मुद्दा. मी इथल्या पब्लिक हायस्कुलात बावीस वर्षं कॅल्क्युलस शिकवलं. मुलांचे पेपर तपासताना जी ओळ लाल व्हायची, ती क्वचितच कॅल्क्युलसची असायची. सप्टेंबरात व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायला शिकवतो, तेव्हा एक उदाहरण हमखास येतं: एक भागिले एक्स. मूल व्याख्या बरोबर लिहितं. मग समोर उभा राहतो अपूर्णांकांचा ढीग: एक छेद (एक्स अधिक एच), त्यातून वजा एक छेद एक्स, आणि या सगळ्याला पुन्हा एचने भागायचं. इथे लागतो फक्त समान छेद. सातवीतला. तो घेतला की वर उणे एच उरतो, खालच्या एचशी कटतो, आणि उत्तर समोर येतं. पण ज्या मुलाचा हात अपूर्णांकांत बसलेला नाही, ते इथेच पेन खाली ठेवतं आणि घरी जाऊन सांगतं, "मला कॅल्क्युलस जमत नाही." कॅल्क्युलस अजून सुरूसुद्धा झालेलं नसतं.

तसंच एक्स वर्ग अधिक ९ चं वर्गमूळ. त्याचं एक्स अधिक ३ करून टाकणारी मुलं मी दर वर्षी पाहिली, ऑनर्सच्या वर्गात पाहिली. ही मुलं मंद नव्हती. त्यांच्या हातून पुरेशी गणितं गेलेली नव्हती, एवढंच.

एक मुलगा मला विसरता येत नाही. अतिशय हुशार, बोलका, प्राथमिक शाळेपासून गणितावर प्रेम. प्रीकॅल्क्युलस त्याने सहा आठवड्यांत केलं होतं, ग्रेड ए. नोव्हेंबरपर्यंत सगळं छान. मग आला पाण्याच्या शंकूचा प्रश्न: शंकूत अमुक वेगाने पाणी पडतंय, पातळी किती वेगाने चढतेय? त्याने शंकूचं घनफळ लिहिलं, त्रिज्या आणि उंची दोन्ही ठेवून डेरिव्हेटिव्ह काढला, अगदी बिनचूक, आणि थांबला. समोर दोन अज्ञात वेग होते. समरूप त्रिकोणांवरून त्रिज्या उंचीच्या भाषेत मांडायची आणि मगच पुढे जायचं, हे त्याला सुचलं नाही. तास संपल्यावर म्हणाला, "हे मला कुणी शिकवलंच नाही." शिकवलं होतं. जुलैतल्या एका मंगळवारी शिकवलं होतं, आणि बुधवारी पुढचं प्रकरण होतं. जानेवारीत तो बीसी सोडून एबीत, म्हणजे एपी कॅल्क्युलसच्याच लहान अभ्यासक्रमात, गेला. एबी काही कमी प्रतीचं नाही, तेही कॉलेजच्या दर्जाचंच आहे. पण त्या दिवसापासून तो वर्गात मागच्या बाकावर बसायला लागला आणि हात वर करेनासा झाला. त्याच्या आईवडिलांनी वाईट व्हावं म्हणून काहीच केलं नव्हतं. तुमच्यासारखीच प्रेमाची माणसं होती ती.

प्रीकॅल्क्युलस हे नावच फसवं आहे. त्यावरून वाटतं, ही कॅल्क्युलसच्या दारातली पायरी, उडी मारून ओलांडली तरी चालेल. खरं तर या वर्षात मूल पहिल्यांदा फंक्शनला एक वस्तू म्हणून हाताळायला शिकतं. त्याचा आलेख सरकवायचा, ताणायचा, उलटवायचा. एका फंक्शनच्या पोटात दुसरं घालायचं. पुढे चेन रूल (एकात एक घातलेल्या फंक्शनांचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) शिकवताना मी विचारायचे, साइन ३ एक्सच्या वर्गमूळात किती पदर आहेत? ज्याला तीन पदर डोळ्यांना दिसतात (आधी तिप्पट, मग साइन, मग वर्गमूळ), त्याला चेन रूल एका तासात येतो. ज्याला ते नुसतं एक लांबलचक चिन्ह दिसतं, त्याला महिनाभर घोकून येत नाही.

आणि त्रिकोणमिती. कोन अंशांत मोजायची सवय मोडून रेडियनमध्ये मोजायला वेळ लागतो, आठवडे लागतात, आणि मधे झोप लागते. मी अगदी अक्षरशः झोपच म्हणतेय. आज पाहिलेलं, उद्या विसरलेलं, परवा पुन्हा आठवलेलं, असं चार-पाचदा झालं की एकक वर्तुळ डोक्यात घर करतं. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन, हे सरळ वाक्य फक्त रेडियनमध्येच खरं आहे. अंशांत मोजलंत तर पुढे पाय (π) भागिले १८० चिकटतं. हे का, हे ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याची मला कधी काळजी वाटली नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा विचार केला: दिवसभराची सरासरी गती नको, या क्षणाची हवी. तिथे ते साइनच्या कोष्टकातल्या फरकांवरून पोचले. साइनमधला फरक कोसाइनच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी मांडलं. म्हणजे आधी साइनचं कोष्टक हातात खेळत होतं, मग त्याच्या बदलाचा प्रश्न सुचला. हे तुमच्या लेकीला जरूर सांगा. त्रिकोणमितीच्या वर्षाला फुकट गेलेलं वर्ष समजू नये, याला यापेक्षा चांगला साक्षीदार मला माहीत नाही.

आता तुमच्या मिस्टरांविषयी. ते म्हणतात ते खरं आहे, आपण अकरावी-बारावीत लिमिटपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत सगळं केलं. मीही सांगलीत तेच केलं. पण त्यांना एक आठवण करून द्या. दहावीत अंकगणिती श्रेढी आणि त्रिकोणमिती झाली होती. अकरावीचा बराचसा भाग त्रिकोणमितीची सूत्रं, सरळ रेषा, वर्तुळ, श्रेढी यांत गेला होता. लिमिट त्यानंतर आलं. त्यांनी प्रीकॅल्क्युलस गाळलं नव्हतं. त्या विषयाला तिथे वेगळं नाव नव्हतं. शिवाय बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नव्हता, त्यामुळे अवयव पाडणं, समान छेद, कंस सोडवणं हे वर्षानुवर्षं हातानेच झालं. इथल्या मुलाच्या बोटाशी सहावी-सातवीपासून कॅल्क्युलेटर आणि आलेख काढणारं ॲप असतं. हाताचं ते वळण इथे जे काही पडतं, ते मुख्यतः अल्जिब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलसमध्ये पडतं.

आणि बीसीची परीक्षा ते वळण तपासते. ४५ बहुपर्यायी प्रश्नांतले ३० कॅल्क्युलेटरविना, ६ लेखी प्रश्नांतले ४ कॅल्क्युलेटरविना. गुणांचा हिशेब केला तर दोन-तृतीयांश पेपर नुसत्या हाताचा. एबीत जे आहे ते सगळं बीसीत आहेच, त्यावर पोलर आणि पॅरामेट्रिक वक्र, इंटिग्रेशनच्या आणखी रीती, आणि अनंत मालिका. मालिकांचं प्रकरण सुंदर आहे, मला तर सगळ्यात आवडीचं. पण ते वर्षाच्या शेवटी येतं, मुलं दमलेली असताना, आणि तिथे फॅक्टोरियल, घातांक, असमानता या गोष्टी विचार न करता हातातून उतरायला लागतात. घाईने आलेली मुलं नेमकी तिथे गळतात.

कॉलेजला दिसेल का? हो, ट्रान्स्क्रिप्टवर सगळं दिसतं. पण कॉलेज बघतं ते असं: तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं, त्यातलं मुलीने काय घेतलं आणि त्यात काय केलं. बारावीत बीसी घेणारी मुलगी बहुतेक शाळांतल्या सर्वांत कठीण गणितापर्यंत पोचलेली असते. क्रेडिटचं म्हणाल, तर बीसीत ५ गुण मिळाले की एमआयटी पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देतं. कॅलटेक एपीचं क्रेडिट देतच नाही. हा नियम कॉलेजागणिक बदलतो. तेव्हा क्रेडिटच्या हिशेबाने घाई करू नका.

गणिताच्या शिक्षकांच्या आणि प्राध्यापकांच्या दोन मोठ्या अमेरिकी संघटनांनी २०१२ मध्ये एक संयुक्त निवेदन काढलं होतं. बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय असू नये, पुढे जो विषय घ्यावासा वाटेल त्याला पुरेल असा गणिताचा पाया घडावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी मला माझेच जुने विद्यार्थी भेटायचे, बीसी केलेले, आणि पुन्हा कॅल्क्युलस १ ला बसलेले. त्यात गैर काही नाही. पण मग अकरावीत ती धावपळ कशासाठी केली होती, हा प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

घाई करणाऱ्या घरांत आणखी एका गोष्टीचा विचार होत नाही: अकरावीत बीसी झालं, तर बारावीत काय? काही शाळांत मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस असतं, काही ठिकाणी कम्युनिटी कॉलेजात जाऊन करता येतं. जिथे यातलं काहीच नसतं, तिथे मूल वर्षभर गणिताशिवाय राहतं किंवा एपी स्टॅटिस्टिक्स घेतं. स्टॅटिस्टिक्स उत्तम विषय आहे, पण त्यात वर्षभर इंटिग्रेशनला हात लागत नाही. मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात सगळं पुसट झालेलं. तुमच्या शाळेत बीसीनंतर काय शिकवतात, हे काउन्सेलरना जरूर विचारा. "दोन्ही चालेल" हे उत्तर त्यानंतर त्यांना बहुधा देता येणार नाही.

उन्हाळ्यातलं प्रीकॅल्क्युलस कधीच बरोबर नसतं, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः काही मुलांना हो म्हटलंय. ती मुलं स्वतःहून मागायला आली होती, आणि त्यांना मी आधी काही गणितं घातली होती. तीच तुम्हाला देते. कॅल्क्युलेटर नाही, घड्याळ नाही. वर सांगितलेलं एक भागिले एक्सचं उदाहरण सोपं करून दाखव. लॉग एक्स अधिक लॉग (एक्स वजा ३) बरोबर १, पाया १०. उत्तरं दोन येतील, ५ आणि उणे २, त्यातलं एक का टाकायचं ते वाक्यात लिही. साइन ७ पाय भागिले ६ किती, वर्तुळ काढून सांग. (एक्स वर्ग वजा ९) भागिले (एक्स वजा ३) याचा आलेख काढ. सरळ रेषा येईल, पण तिला एक भोक असेल, ते कुठे आणि का? आणि शेवटी तो शंकू: उंची १०, वरची त्रिज्या ४, पाणी एच उंचीपर्यंत, पाण्याचं घनफळ फक्त एचमध्ये मांड. (४ पाय एचचा घन भागिले ७५ आलं पाहिजे.)

हे सगळं शांतपणे जमलं आणि तिला स्वतःला पुढे जायचं असेल, तर जाऊ द्या. साइनचं गणित तिला अजून शिकवलं नसेल तर अडेल, आणि तो तिचा दोष नाही. ज्या वर्षात ते शिकवतात तेच आपण गाळायला निघालोय, एवढं त्यातून कळेल. पण तुमच्या बाबतीत पहिली अटच पुरी होत नाहीये. तिने सांगितलंय, मला वर्षभर नीट करायचंय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने एखादा विषय नीट शिकायची मुदत मागावी, ही किती मोलाची गोष्ट आहे! मी शिकवलेल्या शेकडो मुलांत असं तोंडाने मागणारी फार थोडी होती. तिला रडावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

फॉर्म भरताना एक बघा. २०२३ च्या शरद ऋतूपासून एपी प्रीकॅल्क्युलस सुरू झालंय. तुमच्या शाळेत ते आणि साधं ऑनर्स असे दोन्ही असतील, तर नुसतं 'एपी' बघून टिक करू नका. त्या अभ्यासक्रमात चार घटक आहेत आणि परीक्षा पहिल्या तीनांवरच असते. चौथ्यात पॅरामेट्रिक फंक्शन, व्हेक्टर, मॅट्रिक्स आहेत, आणि परीक्षेत नाही म्हणून काही शिक्षक ते सोडून देतात. बीसीला जाणाऱ्या मुलीला पॅरामेट्रिक लागणार. तेव्हा शिक्षकांना थेट विचारा: चौथा घटक शिकवता का? शेवटच्या महिन्यात लिमिटची ओळख करून देता का? ज्या वर्गात दोन्हीला हो म्हणतील, तो वर्ग घ्या, नाव काहीही असो.

मिस्टरांना मदत करायची असेल तर खूप करता येईल, फक्त जेवणाच्या टेबलावर एक्स वर्गाचा डेरिव्हेटिव्ह दोन एक्स, हे शिकवू नका म्हणावं. ती युक्ती दोन मिनिटांत येते आणि मुलाला वाटतं, कॅल्क्युलस आलं. त्यापेक्षा तिने काढलेला एखादा आलेख समोर घेऊन विचारावं, "इथे हा असा का वळला?" आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावं. इतकंच.

आणि सासरे. ते प्रत्येक फोनला लॉगॅरिदम विचारतात, कारण वर्गात मुलं कुठे अडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. घातांक उलटा वाचता येणं, हे अल्जिब्रा २ आणि कॅल्क्युलसच्या मधलं खरं दार आहे. नॅचरल लॉग, ई, वाढीची आणि घटीची समीकरणं, सगळं त्यातून आत येतं. त्यांना वादात ओढू नका, पण कामाला लावा. उन्हाळ्यात रविवारी तुमच्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सहा. अर्धा तास व्हिडिओ कॉल, नात कागदावर लिहील, आजोबा बघतील. जूनपासून सुरुवात करा. पहिल्या रविवारी लॉगॅरिदमच घ्यायला सांगा, आणि तिला म्हणावं, या खेपेला प्रश्न तू विचार: लॉग (ए अधिक बी) आणि लॉग ए अधिक लॉग बी एकच का नाहीत, आजोबा?